बीसी असेसमेंटची साइट आणि सिटीचे क्लासवार टॅक्स रेट: एका भाडेकरू दुकानदाराचा रिव्ह्यू

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतात दुकान, क्लिनिक, सलून, डेकेअर काहीही भाड्याच्या जागेत चालवत असाल किंवा चालवायचा विचार असेल तर हा रिव्ह्यू वाचाच, कारण प्रॉपर्टी टॅक्स हा फक्त घरमालकांचा विषय आहे असं आपल्या लोकांना वाटतं आणि लीजवर सही झाल्यावर पहिलं बिल हातात आलं की डोळे पांढरे होतात. आम्ही दोघं नवरा-बायको मेट्रो व्हँकुव्हर भागातल्या एका सिटीत छोटं दुकान चालवतो, जागा भाड्याची आहे, लीज ट्रिपल नेट आहे, म्हणजे भाडं वेगळं आणि त्यावर जागेचा टॅक्स, इन्शुरन्स, मेंटेनन्स सगळं आपणच भरायचं. सिटीचं नाव लिहीत नाही, बाकी सगळं सांगते.

रिव्ह्यू दोन सर्व्हिसेसचा आहे. एक, बीसी असेसमेंट, जी प्रत्येक प्रॉपर्टीची किंमत ठरवते आणि ती कुठल्या क्लासमध्ये बसते ते सांगते. दुसरी, तुमची सिटी, जी त्या क्लासला रेट लावते. दोन्हींची गल्लत होते म्हणून लोक भलत्याच काउंटरवर जाऊन भांडतात. किंमत जास्त लागली म्हणून सिटी हॉलमध्ये ओरडून उपयोग नाही आणि टॅक्स जास्त आला म्हणून असेसमेंटला फोन करूनही उपयोग नाही. असेसमेंटला मी ५ पैकी ४.५ देईन, रेट ठरवायच्या पद्धतीला २.

आधी चांगलं ते सांगते. असेसमेंटची साइट खरंच छान आहे. पत्ता टाका, प्रॉपर्टी उघडते, जमिनीची किंमत वेगळी, बांधकामाची वेगळी, मागच्या वर्षीची किंमत किती होती तेही दिसतं, पैसे काही नाहीत. आजूबाजूच्या प्रॉपर्टी बघता येतात, जवळपास काय विकलं गेलं तेही बघता येतं. किंमत असते ती आधीच्या वर्षाच्या १ जुलैची बाजारभावाने, इमारतीची अवस्था आणि वापर ३१ ऑक्टोबरचा धरतात, आणि नोटीस जानेवारीच्या सुरुवातीला मिळते. पटलं नाही तर ३१ जानेवारीपर्यंत तक्रार करायची, ती असेसमेंटपासून स्वतंत्र असलेल्या रिव्ह्यू पॅनलसमोर जाते, त्या पायरीला फी नाही, पॅनलची कामं साधारण मार्चच्या मध्यापर्यंत संपतात, त्यानंतरही समाधान झालं नाही तर अपील बोर्ड आहे. फोनवर माणूस मिळतो आणि तो माणूस नीट बोलतो, आम्हाला तरी दरवेळी शांतपणे समजावून सांगितलं. आणि एक महत्त्वाचं, भाडेकरूलाही तक्रार करता येते. लँडलॉर्ड करेल म्हणून वाट बघत बसू नका, कारण टॅक्स तो भरत नाहीये, तुम्ही भरताय, त्याला घाई कशाला असेल.

आता क्लास. बीसीमध्ये एकूण ९ क्लास आहेत. १ म्हणजे राहती घरं, २ युटिलिटीज, ३ सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे बेघर किंवा आजारी लोकांना मदतीसह दिलेली घरं (यांची किंमत कायद्यानेच नाममात्र धरतात, आणि ते योग्यच आहे), ४ मोठे उद्योग, ५ हलके उद्योग, ६ बिझनेस आणि इतर, ७ व्यवस्थापित जंगल, ८ मनोरंजन आणि ना-नफा संस्था, ९ शेती. आपलं दुकान क्लास ६ मध्ये. यातला तो "इतर" शब्द लक्षात ठेवा, कारण जे दुसऱ्या कुठल्याही क्लासमध्ये बसत नाही ते सगळं इथे येतं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान क्लास ६, मोठा मॉल क्लास ६, डाउनटाउनमधला ऑफिस टॉवर क्लास ६, हॉटेलही क्लास ६. आणि एक अपवाद सोडला (तो पुढे येतो) तर सिटीला क्लासगणिक एकच रेट लावता येतो. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे, पुढे येते त्यावर.

रेट हजार डॉलर किमतीमागे इतके डॉलर असा असतो. समजा एखाद्या सिटीत घरांचा रेट हजारी ३ आणि बिझनेसचा हजारी ९ आहे. १५ लाख डॉलरच्या घराला ४,५०० टॅक्स आणि तेवढ्याच किमतीच्या दुकानाला १३,५००. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण बिझनेसचा रेट घरांच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त असणं इथे नेहमीचं आहे. शिवाय स्वतःच्या राहत्या घराला होम ओनर ग्रँट, म्हणजे टॅक्समध्ये सूट मिळते, मेट्रो व्हँकुव्हर, फ्रेझर व्हॅली आणि व्हिक्टोरियाच्या भागात ५७० डॉलर, बाकी प्रांतात ७७० (किमतीची एक मर्यादा आहे, त्यापुढे ती कमी होत जाते). दुकानाला असलं काही नाही.

मला फरक असण्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते, नाहीतर लोक म्हणतील दुकानदार आहे म्हणून रडतेय. घराचा टॅक्स माणूस पगारातून किंवा पेन्शनमधून भरतो, धंद्याचा टॅक्स खर्चात दाखवता येतो, धंद्यामुळे ट्रॅफिक, कचरा, पोलीस यांचं कामही वाढतं. काही फरक योग्यच आहे. प्रश्न आहे किती फरक, तो कोण ठरवतं, आणि ठरवताना कारण सांगतं का.

"किती" वर कायद्याची मर्यादा जवळपास नाहीच. युटिलिटीजच्या क्लासला प्रांताने कमाल रेट बांधून दिलाय, पण बिझनेसला तसं काही नाही. याची सगळ्यात मोठी केस बघायची तर व्हँकुव्हर आयलंडवर नॉर्थ कौविचन म्हणून गाव आहे, तिथे क्रॉफ्टनला कॅटलिस्ट कंपनीची पेपर मिल होती. २००९ साली गावाने मोठ्या उद्योगांना लावलेला रेट घरांच्या रेटच्या जवळपास वीसपट होता. वीस! कंपनी कोर्टात गेली, केस कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचली, आणि २०१२ मध्ये निकाल आला तो गावाच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की काउन्सिल लोकांनी निवडून दिलेली असते, टॅक्स ठरवताना ती फक्त "आम्ही या कंपनीला किती सर्व्हिस देतो" एवढाच हिशोब करायला बांधील नाही, सामाजिक, आर्थिक, राजकीय सगळ्या बाजू बघू शकते, आणि निर्णय अगदीच अवाजवी असेल तरच कोर्ट हात घालेल. म्हणजे आता रेट जास्त आहे म्हणून कोर्टात जाण्यात फारसा अर्थ नाही हे कायमचं समजून घ्या. मोठ्या कंपनीला जमलं नाही, आपल्याला काय जमणार. जे काही व्हायचं ते काउन्सिलच्या मीटिंगमध्येच होणार.

आणि तिथेच या सर्व्हिसला माझे २ मार्क. आमच्या सिटीचं उदाहरण देते. कायद्याने सिटीला दरवर्षी १५ मेच्या आत रेटचा बायलॉ (सिटीचा स्थानिक कायदा) पास करावा लागतो आणि पाच वर्षांच्या फायनान्शियल प्लॅनमध्ये टॅक्सचा भार कुठल्या क्लासवर किती टाकणार त्याचं धोरण लिहावं लागतं. लिहितात. एक परिच्छेद. "स्थिर आणि न्याय्य वाटणी राखणे" अशा अर्थाचं काहीतरी, दरवर्षी तेच वाक्य, न्याय्य म्हणजे नेमकं किती, बिझनेसचा रेट घरांच्या कितीपट आहे, पाच वर्षांपूर्वी कितीपट होता, शेजारच्या सिटीत कितीपट आहे, काहीच नाही. बायलॉच्या शेवटी आकड्यांचा एक तक्ता असतो त्यावरून आपणच भागाकार करायचा. बातम्यांसाठी जे पत्रक काढतात त्यात फक्त "सरासरी घराला इतके डॉलर वाढ" एवढंच ठळक असतं. सरासरी दुकानाला किती ते एका ओळीतही नव्हतं. मी सिटीला ईमेल केला तर उत्तरात बायलॉची लिंक आली, जी माझ्याकडे होतीच. दुसऱ्या ईमेलला उत्तर नाही.

हे असं का चालतं तेही सरळ आहे. मत कोणाला आहे ते बघा. मी राहते एका सिटीत, दुकान दुसऱ्या सिटीत, तिथे जागा माझ्या मालकीची नाही, त्यामुळे तिथे मला मत नाही. कंपनीच्या नावावर प्रॉपर्टी असेल तर कंपनीलाही मत नाही. घरमालक आणि तिथे राहणारे सगळे मतदार. कुठल्याही नगरसेवकाने वाढ कुणावर टाकावी हे सांगायला कुणी लागत नाही, आणि यात कुणी वाईट माणूस आहे असंही नाही, रचनाच तशी आहे. म्हणून तर कारण लिहून, आकडे समोर ठेवून मग मत घेण्याची सक्ती हवी.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची पद्धत मी वाचली ती मला यात कितीतरी बरी वाटली. तिथेही घरांना एक आणि बिझनेसला दुसरा रेट लावता येतो, १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर हे सुरू झालं, पण तिथे गावाला दरवर्षी खास याच विषयावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते: एकच रेट ठेवायचा की वेगळे, वेगळे ठेवले तर सरासरी घराचं बिल किती आणि सरासरी दुकानाचं किती, लोकांसमोर मांडायचं, लोक बोलणार, मग मतदान. बिझनेसवर भार किती पटीपर्यंत सरकवता येईल त्यालाही कायद्यात मर्यादा आहे. आणि गावाची इच्छा असेल तर दहा किंवा कमी माणसं कामाला असलेल्या छोट्या धंद्यांच्या, दहा लाख डॉलरपेक्षा कमी किमतीच्या जागेला किमतीत १० टक्क्यांपर्यंत सूट देता येते. इतकं लांबही जायला नको, आपल्याच देशात टोरोंटोने २०२२ पासून छोट्या धंद्यांच्या जागांसाठी वेगळा उपवर्ग केला आणि त्यांना बिझनेसच्या रेटवर १५ टक्के सूट दिली. टोरोंटोच्या प्रांतात, ऑन्टॅरियोत, कायद्याने तशी सोय केली म्हणून सिटीला करता आलं. आपल्याकडे क्लास ६ अख्खाच्या अख्खा एक.

आता आमच्या बिलाची गोष्ट, कारण वरचं सगळं कागदावर ठीक वाटतं पण दुकानात ते कसं पोहोचतं ते कळलं पाहिजे. आमची इमारत जुनी आहे, खाली दोन दुकानं, वर भाड्याचा एक फ्लॅट. पण त्या रस्त्यावर आता उंच बिल्डिंग बांधायची परवानगी आहे. त्यामुळे असेसमेंट किंमत धरतं ती त्या जागेवर उद्या काय बांधता येईल त्या हिशोबाने बाजार जी किंमत देईल ती. नोटीस उघडली तर जवळपास सगळी किंमत जमिनीची, बांधकामाचे तर किरकोळ पैसे. म्हणजे डोक्यावर जी बिल्डिंग नाहीये तिच्या शक्यतेवर टॅक्स, तोही बिझनेसच्या रेटने, आणि भरणार कोण तर ज्याला ती जागा विकून एक डॉलर मिळणार नाही तो भाडेकरू. किंमत वाढली याचा फायदा लँडलॉर्डला, टॅक्स आम्हाला. यात असेसमेंटची चूक नाही, बाजारभाव लावायला कायदाच सांगतो, म्हणून त्यांचे मार्क मी यासाठी कापले नाहीत.

प्रांताने यावर काहीच केलं नाही असं नाही. २०२२ मध्ये कायदा करून सिट्यांना परवानगी दिली की अशा जागांच्या जमिनीच्या किमतीतल्या काही भागावर कमी रेट लावा, आणि व्हँकुव्हर सिटीने २०२३ पासून ते सुरूही केलं. पण ते सिटीच्या मर्जीवर आहे आणि आमच्या सिटीने ते घेतलेलं नाही. का नाही, तर चर्चा झाल्याचंच कुठे सापडत नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, मला समजायला वेळ लागला. किंमत २० टक्के वाढली म्हणून टॅक्स २० टक्के वाढत नाही. सिटीचं आधी बजेटमधून ठरतं की एकूण किती पैसे हवेत, मग क्लासवार वाटणी, मग रेट. त्यामुळे तुमची वाढ तुमच्याच क्लासच्या सरासरीशी ताडून बघायची. सिटीतल्या क्लास ६ ची सरासरी वाढ ८ टक्के आणि तुमची २०, तर क्लासच्या वाट्यात काही बदल झाला नाही, बजेट एक पैशाने वाढलं नाही, तरी तुमचं बिल सुमारे ११ टक्के वाढणार. उलट सगळ्यांची सारखीच २० टक्के वाढली तर नुसत्या त्या वाढीने तुमचं बिल हलत नाही. जानेवारीत नोटीस बघून घाबरायचं की नाही ते यावरून ठरवा. मात्र नोटिशीत रेट नसतो, तो मे महिन्यात ठरतो, आणि बिल जुलैच्या सुरुवातीला भरायचं. तक्रारीची मुदत जानेवारीत संपलेली असते. म्हणजे खरा आकडा समोर येतो तेव्हा किंमतीवर भांडायची वेळ गेलेली असते, हा या सगळ्या व्यवस्थेतला मला सगळ्यात खटकणारा भाग.

त्यात बिलावर फक्त सिटीचा टॅक्स नसतो हेही बघा. शाळेचा टॅक्स प्रांताचा, ट्रान्सलिंकचा (इथली बस-ट्रेन चालवणारी संस्था) वेगळा, रीजनल डिस्ट्रिक्टचा (आसपासच्या सिट्यांची एकत्र संस्था) वेगळा, खुद्द असेसमेंटचाही छोटासा वाटा असतो, प्रत्येकाचा क्लासप्रमाणे वेगळा रेट. सिटी ते सगळे गोळा करून पुढे देते. काउन्सिलवर चिडायच्या आधी तिचा वाटा किती ते वेगळं काढा.

साइटचा आम्हाला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे क्लासची फोड. वरचा फ्लॅट क्लास १ आणि खालची दुकानं क्लास ६, एकाच प्रॉपर्टीचे असे दोन क्लास असू शकतात. लँडलॉर्डच्या मॅनेजमेंट कंपनीने जो हिशोब पाठवला त्यात अख्ख्या इमारतीचा टॅक्स दोन्ही दुकानांवर वाटला होता, फ्लॅटचा धरून. आम्ही मूळ टॅक्स बिलाची कॉपी मागितली, आधी टाळाटाळ झाली, मग साइटवरची क्लासवार किंमत आणि बायलॉतले रेट घेऊन आम्हीच गुणाकार करून पाठवला, तेव्हा फ्लॅटचा भाग वजा करून सुधारित हिशोब आला. त्यासाठी वकील लागला नाही, फक्त आकडे उघड होते म्हणून जमलं. माझे ४.५ मार्क मुख्यतः याचे.

क्लासचा जोर किती असतो त्याचं एक उघड उदाहरण व्हँकुव्हरमध्ये चालता चालता दिसतं. मोक्याच्या कोपऱ्यावर रिकामा प्लॉट, बिल्डिंगची परवानगी यायला वेळ आहे, तर बिल्डर तिथे लोकांसाठी भाज्यांचे वाफे करून देतो. लोकांना बाग मिळते, आणि प्लॉट क्लास ६ मधून क्लास ८ मध्ये गेला की टॅक्स बराच खाली येतो. नियमात बसतं, कायदेशीर आहे. पण त्या बिल्डरचा कमी झालेला टॅक्स कुठेतरी दुसरीकडे भरून निघतोच, आणि शेजारच्या दुकानाला क्लास बदलायचा पर्याय नाही. शेतीचं त्यामानाने बरं आहे, क्लास ९ साठी शेतीमालाची ठराविक विक्री दाखवावी लागते, दोन ते दहा एकरांच्या जागेला वर्षाला किमान २,५०० डॉलर, दोन एकरांच्या खाली १०,०००. ही रक्कम वाढवावी असं मला वाटतं, पण निदान काहीतरी अट आहे.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. क्लास ६ मध्ये छोट्या धंद्यांचा उपवर्ग करा, टोरोंटोसारखा, आणि सवलत भाडेकरूपर्यंत पोहोचेल अशी अट घाला, नाहीतर ती लँडलॉर्डच्याच खिशात राहील. आणि रेट ठरवायच्या आधी क्लासवार सरासरी बिलाचा तक्ता जाहीर करून त्याच विषयाची सुनावणी घ्या. यातली पहिली गोष्ट प्रांताच्या हातात आहे, दुसरी कुठलीही सिटी पुढच्या एप्रिलमध्ये स्वतःहून करू शकते, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

जे आत्ता लीज बघतायत त्यांच्यासाठी: सही करायच्या आधी असेसमेंटच्या साइटवर तो पत्ता उघडा. क्लास कुठले आहेत, जमिनीचा वाटा किती, मागच्या वर्षीपेक्षा किती वाढलं ते लिहून घ्या. सिटीच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या बायलॉमधले क्लास १ आणि क्लास ६ चे रेट काढा आणि भागून बघा पट वाढतेय की कमी होतेय. लीजमध्ये दोन वाक्यं घालायला सांगा, एक, टॅक्सचा हिशोब देताना मूळ बिलाची कॉपी द्यायची, दोन, राहत्या भागाचा टॅक्स दुकानावर टाकायचा नाही. लँडलॉर्ड नाही म्हणाला तर का नाही म्हणतोय ते विचारा. आणि जानेवारीची नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते, तुमच्याकडे येत नाही, म्हणून वर्ष सुरू झालं की साइटवर स्वतः जाऊन बघा, ३१ जानेवारीच्या आत.